भंडारदऱ्याच्या काठावर एक रात्र

अम्मींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, कित्येक वर्षांची एकच फर्माईश होती. लहानपणी अंगणात बाजेवर झोपायच्या, तसे पुन्हा एकदा उघड्या आभाळाखाली झोपायचे. वय अडुसष्ट, गुडघे दुखरे. मुलांनी रिसॉर्टची खोली सुचवली, त्या ऐकेनात. अखेर जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही सहा जण भिवंडीहून निघालो. कसारा घाट, इगतपुरी, घोटी करत दुपारी शेंडी गावी पोहोचलो.

शेंडीला लागूनच विल्सन धरण आहे. प्रवरेवरचे हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्यामागे डोंगरांत पसरलेला जलाशय म्हणजे आर्थर लेक. एका बाजूला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, दुसऱ्या टोकाला रतनगड. पावसाळा संपून थोडेच महिने झाल्यामुळे पाणी तंबूंच्या अगदी जवळ होते. उन्हाळ्यात हेच पाणी कालव्यांतून संगमनेर-श्रीरामपूरकडच्या शेतीला जाते. तेव्हा काठ उघडा पडतो आणि चिखल तुडवत पाण्यापर्यंत जावे लागते. जाहिरातीतले फोटो त्या दिवसांचे नसतात.

माणशी बाराशे रुपयांत तंबू, रात्रीचे जेवण आणि सकाळचे पोहे मिळणार होते. तंबू पाहताच अम्मी हसल्या. आत शिरायचे तर रांगत. आम्ही दोघींनी धरून त्यांना आत घेतले, आणि रात्री शौचालयासाठी बाहेर काढताना दुप्पट वेळ लागला. शौचालय दीडशे पावलांवर, सर्वांना मिळून दोन, दिवा एकालाच. पुरुष याची चौकशी करत नाहीत, कारण त्यांची अडचण होत नाही. बुकिंगच्या वेळी मीही विचारले नव्हते, ही चूक माझीच.

जेवणाची चौकशी मात्र आधीच केली होती. बार्बेक्यूची कोंबडी कुणी आणि कशी कापली, हे तिथल्या पोराला सांगता येईना. म्हणून आम्ही मटण घरूनच मसाला लावून बर्फाच्या डब्यात नेले होते. भाकरी आणि ठेचा गावातल्या एका मावशींनी चुलीवर करून दिला. त्या ठेच्याची चव अजून जिभेवर आहे.

नमाजेची एक गोष्ट सांगायलाच हवी. माझे पती मगरिबसाठी मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहिले. मुलीने फोनवरचे होकायंत्र पाहून त्यांना उजवीकडे वळवले. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. थंडीत मात्र सूर्य बराच दक्षिणेकडे सरकून मावळतो, त्यामुळे अंदाज चांगलाच चुकतो. आपण मुसाफिर असल्यामुळे इशाला दोनच रकअत, हे धाकट्याला समजावताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

नऊनंतर शेजारच्या तंबूंत बाटल्या निघाल्या आणि मोठा स्पीकर सुरू झाला. मालकाला विनंती केली. "शनिवार आहे, साहेब," एवढेच उत्तर मिळाले. आमच्यासोबत तरुण मुलगी होती. तिला शौचालयाला एकटी पाठवणे शक्य नव्हते, आणि तिलाही ते जाणवत होते. पतींनी सामान गाडीत भरायची तयारी केली होती. अम्मीच म्हणाल्या, "थांबा जरा, दमतील."

बाराच्या सुमारास ते खरेच दमले. आम्ही शेकोटीवर पाणी ओतले. झोपण्यापूर्वी आग विझवण्याची ताकीद हदीसमध्येच आहे, आणि कापडी तंबूंच्या गर्दीत तिची किंमत लगेच कळते. सतरंजी बाहेर अंथरली, दोन-दोन ब्लँकेटे घेतली आणि अम्मी मध्ये आडव्या झाल्या. भिवंडीत आम्हाला मोजके तारे दिसतात. इथे मृग नक्षत्र डोक्यावरून पश्चिमेकडे कलले होते आणि आजूबाजूला ताऱ्यांची दाटी. फोनला रेंज नव्हती. अम्मींनी त्यांच्या अब्बांच्या गोष्टी सांगितल्या. लग्नाला बावीस वर्षे झाली, पण त्यातल्या अर्ध्याही मी कधी ऐकल्या नव्हत्या.

पहाटे वुजूचे पाणी बोटे बधिर करणारे होते. फजरचा सलाम फेरला तर धाकटा जागेवर नाही. तो काठावर, गुडघाभर पाण्यात उभा होता. मासे पकडायला आलेला एक गावकरी त्याला ओरडून मागे बोलावत होता. नंतर तो म्हणाला, "ताई, हा तलाव नाही, धरण आहे. खाली दरी आहे. दोन पावलं पुढे बुडायला होतं." मुलाला पोहता येते, या भरवशावर मी निर्धास्त होते. तरणतलावाचे पोहणे थंडगार पाण्यात आणि गाळात कितपत कामी येते, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. रतनवाडीला होडीने जाताना मी सर्वांना लाइफ जॅकेट घालायला लावले, मगच होडीत पाऊल ठेवले.

पुन्हा जायचे का, यावर घरात दोन मते आहेत. पती नको म्हणतात. माझे मत जावे असे आहे, पण शनिवारी नव्हे. तीन-चार कुटुंबे मिळून जावे आणि गावातल्या एखाद्या घराच्या अंगणात तंबू लावावा, म्हणजे बायकांना घरातले न्हाणीघर मिळते आणि म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजलीच तर छप्पर असते. पैसेही त्या घरात जातात. अम्मींनी तर मेअखेरीस काजवे बघायला जायचे ठरवूनही टाकले आहे. शेंडीच्या त्या मावशींचा नंबर त्यांनी निघतानाच मागून घेतला होता.