पिंजरा कुणासाठी

वनखात्याच्या परीक्षेत झाडांची शास्त्रीय नावं विचारतात, लाकडाचे घनमीटर काढायला लावतात. माणूस आणि बिबट्या यांच्यातल्या भांडणाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा यातलं काही कामाला आलं नाही. कारण त्या कामाच्या नकाशात जंगल जवळजवळ नव्हतंच. पुणे जिल्ह्यातले जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे तालुके. पश्चिमेचा सह्याद्रीचा हिरवा काठ सोडला, की पुढे नजर जाईल तिथपर्यंत ऊस. माणिकडोह, येडगाव, डिंभे, वडज ही धरणं झाली, कालवे आले, आणि कोरडवाहू रानात वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं, माणसाला गिळून टाकणारं पीक आलं. बिबट्याला आणखी काय हवं? दाट आडोसा, पाटाचं पाणी, आणि वस्ती-वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या, डुकरं. माद्या उसातच वितात, पिल्लं उसातच शिकारीला शिकतात, आणि त्यांची पिल्लंही पुन्हा उसातच. ‘त्याला त्याच्या जंगलात नेऊन सोडा’ असं लोक सांगायचे, तेव्हा ते जंगल नेमकं कुठलं, हे मलाही सांगता आलं नसतं.

शेळी गेली, कुत्रं गेलं, नुसते बांधावर ठसे दिसले, तरी पहिली मागणी पिंजऱ्याची. “साहेब, पिंजरा लावा.” आधी सरपंचांचा फोन, मग पंचायत समितीच्या सदस्यांचा, संध्याकाळी आमदारांच्या पीएचा. पिंजरा म्हणजे चाकांवरचं लोखंडी गजांचं खोकं. ट्रॅक्टरमागे जोडून आणायचं, बांधाला लावायचं. मागच्या बाजूला जाळीने वेगळा केलेला कप्पा, त्यात शेळी. पुढे वर उचलून धरलेलं दार, आत खाली फळी. फळीवर वजन पडलं की दार धाडकन खाली. वनमजूर आत वाकून फळी हाताने दाबून बघतो, दार नीट पडतंय याची खात्री झाली की गजांवर पाचट आणि वाडं पसरतो. शेळी कुणाची ठेवायची यावर हमखास वाद होतो. शेळीने रात्री ओरडलं पाहिजे, आणि कुणीतरी कनवाळू बाई अंधार पडायच्या आत तिच्यापुढे घासभर पाला टाकून जाते. मग ती रात्रभर गुपचूप रवंथ करत बसते. सकाळी पिंजऱ्यात कधी बिबट्या, कधी गावातलंच एखादं कुत्रं, बहुतेक वेळा फक्त शेळी.

डॉक्टरने सुई टोचल्याशिवाय औषध मिळाल्यासारखं वाटत नाही, तसं गावाचं पिंजऱ्याच्या बाबतीत आहे. याला मी आधी अडाणीपणा समजायचो. पुढे उलगडलं ते असं, की वस्तीवर राहणाऱ्या माणसाला सरकार डोळ्यांनी दिसण्याचा तेवढा एकच प्रकार शिल्लक होता. अभ्यास दिसत नाही, जनजागृतीचा फलक दिसून उपयोग नाही. पिंजरा दिसतो. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं, याची ती लोखंडी पोच असते. पिंजरा बिबट्यापेक्षा गावासाठी लागतो, हे एकदा ध्यानात आलं, आणि नंतरची सगळी वर्षं मला त्याच गोष्टीने छळलं.

कारण पिंजऱ्याने काय होतं, हे इथल्याच मातीत सिद्ध झालेलं होतं. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात बिबटे पकडून दूर सोडण्याची मोहीम निघाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्याचा हिशेब मांडला. 29 बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवर नेऊन सोडले गेले होते. आधीच्या वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, ते मोहिमेनंतर सतरावर गेले. पकडलेलं, पिंजऱ्यात दात-नखं तोडून घेतलेलं, अनोळखी मुलखात आणून सोडलेलं जनावर. त्याला तिथल्या विहिरी ठाऊक नाहीत, वाटा ठाऊक नाहीत, आणि इकडे त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा एखादा तरणा नर येऊन धरतो. शेजारच्या अकोले तालुक्यात त्यांनीच दुसरा अभ्यास केला. तिथे शेतीवाडीत, दाट लोकवस्तीत दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, पोट मुख्यत्वे कुत्र्यांवर, आणि अभ्यासाच्या काळात माणूस एकही मेलेला नाही. 2009 साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ बिबट्या तर बहुतेकांना सिनेमामुळे माहीत आहे. माळशेजच्या बाजूला सोडला, गळ्यात पट्टा होता, आणि तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत कुणाला ओरबाडलंही नाही.

हे सगळं मला पाठ होतं. पण ज्या घरातलं मूल गेलं त्या घराच्या ओट्यासमोर उभं राहून यातला एक शब्द उच्चारता येत नाही. चुलत्याने विचारावं, “साहेब, आता काय करणार?” आणि मी सरासरी सांगावी? मी पिंजरे लावले. जास्त लावले. ट्रॅक्टर एकामागून एक वळताना गाव बघत राहायचं आणि आवाज थोडा खाली यायचा. तेवढ्या वेळात पंचनामा होई, शवविच्छेदनासाठी गाडी निघे. ते ढोंग होतं असं मला वाटत नाही. घरात माणूस मेला असताना शेजारी येऊन बसतात, त्याने मेलेला उठत नाही; म्हणून बसणं खोटं ठरत नाही. आणि खरोखर माणसावर चटावलेलं एखादं जनावर असेल, तर त्याला पकडायला दुसरं भरवशाचं साधन तरी कुठे आहे?

अडचण पुढे असते. पिंजऱ्यात बिबट्या सापडला. हाच तो का? गाव म्हणतं हाच. ठशांचं माप, कॅमेऱ्यातले अंगावरचे ठिपके, जखमेवरून घेतलेल्या लाळेचा नमुना, हे जुळेपर्यंत दिवस जातात, आणि बाहेर शंभर माणसं हातात मोबाइल घेऊन उभी. सोडावा तर गाव पेटतं. न सोडावा तर माणिकडोहच्या निवारा केंद्रात आयुष्यभर गजांआड, गुन्हा न करता. मारायचं म्हटलं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याचं अकरावं कलम: पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो, तीही पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं यातलं काहीच शक्य नाही अशी खात्री पटल्यावर, लेखी कारणं देऊन. कायदा शहाणा आहे. फक्त तो दुपारी चार वाजता, रास्ता रोकोत, माइकवरून वाचून दाखवता येत नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात थोडक्या दिवसांत तीन जीव गेले, त्यांत लहान मुलं होती. लोकांनी महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली, आणि शेवटी एका बिबट्याला गोळी घातली गेली. मी तोवर खात्यातून बाहेर पडलो होतो. टीव्हीवर ती जळती गाडी बघताना मला आतल्या ड्रायव्हरची काळजी वाटली, पण जाळणाऱ्यांचा राग आला नाही. नुकसानभरपाई माणसामागे आता 25 लाख आहे, थोडी हातात, उरलेली मुदत ठेवीत. ती लवकर मिळालीच पाहिजे. मात्र ती मिळाली म्हणून ज्या बाईला संध्याकाळी परसाकडे जायला पुन्हा उसाच्याच कडेने जायचं आहे, तिचं पाऊल हलकं होत नाही.

या कामात समाधानाच्या रात्री नव्हत्या असं नाही. ऊसतोड सुरू झाली की पिल्लं सापडायला लागतात. फड शेवटच्या पट्ट्यापर्यंत आला, की एखादी तोडकरी बाई कोयता तसाच धरून मागे सरते: पाचटात दोन-तीन पिल्लं, डोळे धड उघडलेले नाहीत. टोळीतली पोरं उचलून फोटो काढतात, मुकादम तोड थांबवायला तयार नसतो, कारखान्याचा ट्रक लागलेला असतो. मग मुकादमाच्या हातापाया पडून तेवढा तुकडा राखायचा. पशुवैद्यक पिल्लं तपासतात, कातडीखाली बारीक चिप बसवतात. अंधार पडायच्या सुमाराला टोमॅटोच्या क्रेटमध्ये पिल्लं घालायची, जिथे सापडली त्याच जागी क्रेट ठेवायचा, कॅमेरे लावायचे आणि सगळ्यांना लांब न्यायचं. माणसाचा वास लागला की आई पिल्लू घेत नाही, असं तिथला प्रत्येक माणूस छातीठोकपणे सांगतो. ती येते. क्रेटभोवती एक फेरी मारते, मान आत घालते, एकाची मानगूट धरून उसात जाते. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते. एका रात्री मादीने क्रेट पंजाने आडवाच केला आणि पिल्लू घरंगळत बाहेर पडलं. पडद्यावर ते बघताना आमचा एरवी मख्ख वनपाल “अगं हळू!” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेताचा मालक भेटला. मी खुशीत होतो. त्याने चहा पाजला आणि विचारलं, “पिल्लं आईला दिली, बरं झालं. पण साहेब, वर्षा-दोन वर्षांनी ती कुठं जाणार?” पिल्लं उचलली तर मादी सैरभैर होऊन अंगावर येते, म्हणून परत देणं तुमच्याच भल्याचं, एवढं उत्तर माझ्याकडे होतं. ते खरंही होतं. पण त्याचा प्रश्न त्याच्या पुढचा होता, आणि त्यावर मी फक्त कप खाली ठेवला. आता जुन्नरमध्ये मोजक्या माद्यांवर गर्भनिरोधनाचा प्रयोग करायला केंद्राने परवानगी दिली आहे. जरूर करून बघावा. त्या शेतकऱ्याला द्यायला तेवढं तरी काही असेल. मला शंका आहे ती एवढीच, की ऊस आणि कुत्री जोवर आहेत तोवर मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही.

माणसं मरतात ती वेळ आणि जागा पाहिली, तर बिबट्याइतकीच दुसरी कारणं दिसतात. मेंढपाळांचा वाडा उघड्या रानात, मूल आईच्या कुशीत पण पालाबाहेर. ऊसतोड कामगारांच्या कोप्या फडाला खेटून. वस्तीवर गोठा तीन बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूला साडीचा पडदा. आणि वीज. शेतीच्या पंपाला वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मग रात्री दोनला उठून, हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरं घेऊन उसात दारं धरायला जायचं. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटेलच असं नाही. मी सांभाळत होतो त्या कार्यक्रमाच्या निधीतून पिंजरे घेता येत, जाळ्या, बंदुकीतून मारायची इंजेक्शनं, पोस्टर छापता येत. दिवसाची वीज घेता येत नव्हती. सौर कृषी वाहिनीची योजना 2017 साली आली, तिच्यात दिवसा वीज हेच उद्दिष्ट आहे. माझ्या मते बिबट्यापासून माणूस वाचवणारी ती राज्यातली सगळ्यात मोठी योजना आहे, आणि तिच्या कागदावर बिबट्याचं नावही नाही.

जिल्ह्याच्या बैठकीत मी वीज हा विषय पहिला घ्यायला सुरुवात केली. एकदा अध्यक्षस्थानावरून विचारणा झाली, हा विषय वनखात्याचा कसा? मी मृत्यूंच्या वेळा वाचून दाखवल्या. त्यानंतर निदान ज्या गावात हल्ला झाला तिथली रात्रपाळी काही आठवडे दिवसाकडे वळवण्याचं मान्य झालं, आणि त्या आठवड्यांत त्या गावातून येणारे पिंजऱ्याचे फोन कमी झाले. बिबट्या तिथेच होता, कॅमेऱ्यात रोज दिसत होता.

बदली झाली तेव्हा चार्जची यादी केली: पिंजरे, जाळ्या, कॅमेरे, दोन बंदुका, एक वाहन नादुरुस्त. नव्या साहेबांनी एकेक तपासून सही केली. मी त्यांना फोन नंबरांची वही दिली. सरपंच, पोलिस पाटील, पशुवैद्यक असं सगळं त्यात होतंच, पण पहिल्या दोन पानांवर गावोगावच्या वायरमनचे नंबर होते. ते म्हणाले, “हे चुकून आलेत का?” मी म्हटलं, नाही, हेच आधी लागतील.