मुक्या रोग्याची शुश्रूषा

मनूनें सकाळीं हात धुण्यासाठीं पाणी घेतलें आणि त्याच्या ओंजळींत एक इवलासा मासा आला, ही शतपथ ब्राह्मणांतील कथा आपणां सर्वांस ठाऊक आहेच. प्रलय, नौका आणि माशाचें शिंग एवढेंच त्यांतलें बहुधा आपल्या लक्षांत राहतें. परंतु कथेच्या पूर्वार्धांत मत्स्यपालनाचा एक उत्तम धडा आहे, तिकडे कोणाची दृष्टि फारशी जात नाहीं. तो मासा मनूला सांगतो कीं, मला आधीं घटांत ठेव. घट अपुरा पडला म्हणजे खड्डा खणून त्यांत ठेव. आणि तोहि पुरेनासा झाला म्हणजे समुद्रांत सोड. आपणांस काय हवें आहे हें त्या माशाला बोलून सांगतां येत होतें, ही मनूची केवढी सोय! आमच्या घरांतील माशाला बोलतां येत नव्हतें, आणि तो आजारी पडला तेव्हां ह्या एका उणिवेची खरी किंमत आम्हांस कळून आली.

ब्राह्मणाच्या घरांत मासा आला कसा, हें प्रथम सांगितलें पाहिजे. गेल्या वर्षीं माझ्या जावयांची बदली परदेशीं झाली. नऊ वर्षांच्या नातवानें आपलीं सर्व खेळणीं हंसतमुखानें वाटून टाकलीं. पण तीन सोनेरी मासे कोणाच्या स्वाधीन करावयाचे, ह्या प्रश्नापाशीं त्याचा धीर सुटला. अखेर शंभर लिटर पाण्याची ती कांचेची पेटी पुण्यास आमच्या बैठकीच्या खोलींत येऊन स्थिरावली. माझ्या आत्याबाई आमच्याकडेच असतात. त्यांचें वय ८६. "ह्या घरांत मासा कधीं शिजला नाहीं, तो आतां नांदायला आला म्हणायचा!" एवढेंच त्या म्हणाल्या, आणि तीन दिवस पेटीकडे पाठ करून बसल्या. चौथ्या दिवशीं मात्र त्यांची खुर्ची पेटीच्या बाजूला वळलेली दिसली.

गोल्डफिश म्हणून ज्याला सर्व जण ओळखतात तो हा मासा मूळचा चीनमधला. सुंग राजवटीच्या काळांत, म्हणजे सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं, तेथील लोकांनीं साध्या करड्या माशांतून सोनेरी वाण निवडून तो तळ्यांत वाढविला. युरोपांत तो सतराव्या शतकांत पोंचला. नीट सांभाळल्यास तो दहा-पंधरा वर्षें सहज जगतो. इंग्लंडमध्यें १९५६ सालीं जत्रेंत बक्षीस मिळालेला टिश नांवाचा मासा तर १९९९ पर्यंत जगला. ह्या माशाला पापण्या नसतात आणि जठरहि नसतें. म्हणून त्याला एकदम पुष्कळ न घालतां थोडें थोडें घालावें लागतें. ही सर्व माहिती मला नातवानें जातांना पढविली होती. आजोबांची परीक्षा घेऊन ते उत्तीर्ण झाल्यावरच त्यानें विमानतळाचा रस्ता धरला.

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं मोठें वादळ होऊन आमच्या भागांतील वीज तीस तास गेली. पेटींतील पाणी गाळणारें यंत्र तितका वेळ बंद राहिलें. पुढें आठवडाभरानें तिघांपैकीं सर्वांत मोठा मासा, नातवाच्या भाषेंत 'केशऱ्या', तळाशीं कोपऱ्यांत बसून राहूं लागला. पंख अंगाशीं मिटलेले, खाण्याकडे दुर्लक्ष, आणि कल्ल्यांची उघडझांप मात्र भराभर चाललेली.

आपल्याकडे घोड्यांसाठीं शालिहोत्राचें आणि हत्तींसाठीं पालकाप्याचें शास्त्र आहे. झाडांसाठींहि वृक्षायुर्वेद आहे. वैद्यानें रोग्याची नाडी पाहावी, जीभ पाहावी, चार प्रश्न विचारावे, ही आपली रीत. माशाची परीक्षा मात्र केवळ डोळ्यांनीं करावी लागते. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो एका सूक्ष्म परोपजीवी प्राण्याचा उपद्रव. मासा दगडांवर अंग घांसूं लागला तर त्वचेला कांहीं तरी चिकटलें आहे असें समजावें. पृष्ठभागाशीं येऊन तो तोंड उघडूं लागला तर पाण्यांत प्राणवायु कमी आहे, नाहीं तर विष आहे. केशऱ्याच्या अंगावर ठिपके नव्हते, तो अंगहि घांसत नव्हता. पण त्याचें पोट दिवसेंदिवस वाढत होतें. मादीच्या पोटांत अंडीं असलीं तरी पोट असेंच फुगतें, आणि केशऱ्या नर कीं मादी हें आमच्यापैकीं कोणासच सांगतां येत नव्हतें.

निदान केलें तें आत्याबाईंनीं. बराच वेळ त्या कांचेजवळ चष्मा लावून बसल्या होत्या. मग मला हांक मारून म्हणाल्या, "हें पोट अन्नाचं नव्हे रे, अंड्यांचंहि नव्हे. ह्याला पाणी झालंय. ह्यांनाहि शेवटीं असंच झालं होतं." आमचे आतोबा मूत्रपिंडाच्या विकारानें गेले, त्याला आतां ४० वर्षें झालीं. मीं पेटीचें झांकण काढून वरून पाहिलें, आणि शंका उरली नाहीं. बाजूनें पाहतां जे खवले गुळगुळीत वाटत होते, ते वरून सीताफळाच्या डोळ्यांसारखे उभे राहिलेले दिसत होते. अंड्यांनीं पोट फुगलें तर खवले असे उभे राहत नाहींत. हा जलोदर होता.

त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. गोड्या पाण्यांतील माशाच्या शरीरांतला द्रव भोंवतालच्या पाण्याहून खारट असतो. त्यामुळें पाणी कल्ल्यांतून व त्वचेंतून अखंड आंत शिरत असतें. मूत्रपिंडें तें रात्रंदिवस बाहेर टाकतात म्हणूनच मासा जगतो. तीं थकलीं कीं पाणी अंगांत सांचतें आणि खवले उचलले जातात. म्हणजे जलोदर हा एक रोग नव्हे. अनेक रोगांचें तें शेवटचें लक्षण आहे. पुष्कळदां एरोमोनास नांवाचे जंतु त्याच्या मुळाशीं असतात. हे जंतु निरोगी पेटींतहि असतात. मासा अशक्त झाला म्हणजेच ते त्याच्यावर उठतात.

मग हा अशक्त झाला कशानें? त्याचें उत्तर पाण्याजवळ होतें. थेंब टाकून पाहण्याची जी परीक्षा बाजारांत मिळते, तींत शुद्ध पाणी पिवळें राहतें आणि अमोनिया असला तर हिरवें होतें. आमचें पाणी हिरवें झालें. एका लिटरास अर्धा मिलिग्रॅम, असें रंगांच्या पट्टीवरून दिसलें. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेंतून हें विष सतत पाण्यांत मिसळत असतें. यंत्रांतल्या स्पंजांत राहणारे एका प्रकारचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, तेंहि विषारीच. दुसरे त्याचें नायट्रेट करतात, तें बेताच्या प्रमाणांत फारसें बाधत नाहीं. ह्या उपकारी जंतूंना प्राणवायु असलेलें वाहतें पाणी लागतें. वीज तीस तास गेली तेव्हां त्यांची वस्ती गुदमरून उजाड झाली होती, आणि नवी वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात.

एका पशुवैद्यांकडे मी गेलों. त्यांचे बाकीचे रोगी कुत्रीं व मांजरें. तरी त्यांनीं सर्व हकीकत शांतपणें ऐकून घेतली. खवले उभे राहिल्यावर फार थोडे मासे वांचतात, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. प्रतिजैविक औषध अन्नांतून दिलें तरच चांगलें लागू पडतें, आणि रोगी तर कांहींच खात नव्हता. उरला तो मिठाचा उपाय. पाणी किंचित् खारट केलें म्हणजे आंतलें व बाहेरचें अंतर कमी होतें, पाणी आंत शिरण्याचा वेग मंदावतो आणि थकलेल्या मूत्रपिंडांना तेवढीच विश्रांति मिळते.

वीस लिटरच्या टबांत केशऱ्याची निराळी व्यवस्था केली. दर लिटरास एक ग्रॅम ह्या मानानें जाडें मीठ विरघळवून घातलें, आणि दुसऱ्या दिवशीं तितकेंच आणखी. हवेचा पंप लावला. रोज पाव हिस्सा पाणी काढून, क्लोरिन घालविलेलें व तितकेंच खारट केलेलें ताजें पाणी हलक्या हातानें भरलें. आत्याबाईंनीं आपलें एक मऊ जुनेर टबावर पांघरलें. रोग्याच्या डोळ्यांवर उजेड नको, आणि ह्याला तर पापण्याहि नाहींत, असें त्यांचें म्हणणें. मोठ्या पेटींतल्या दोघांचें खाणें दोन दिवस बंद ठेवलें, रोज तिसरा हिस्सा पाणी बदललें, आणि एका स्नेह्यांच्या जुन्या पेटींतला स्पंजाचा तुकडा आणून आमच्या यंत्रांत ठेवला. दुधाला विरजण लावावें तसाच हा प्रकार. तीन आठवड्यांनीं तेथील पाणी पुन्हां पिवळें दिसूं लागलें, आणि ते दोघे आजहि सुखरूप आहेत.

दर रविवारीं फोनच्या पडद्यावर नातवाची भेट होते. मुलीला मीं आधींच सर्व कळविलें होतें. ती म्हणाली, "बाबा, त्याला सांगूं नका. नव्या शाळेंत तो अजून रुळला नाहीं. काहीं झालंच तर तसाच दुसरा मासा आणून ठेवा, त्याला कळणार नाहीं." आईचें हृदय तें, मलाहि तिचें म्हणणें क्षणभर पटलें. पण आत्याबाई पलीकडून शांतपणें म्हणाल्या, "ह्यांच्या दुखण्याचं मला कोणीं खरं सांगितलं नव्हतं. बायकांनीं घाबरूं नये म्हणून. मी आपली दर सोमवारीं, बरे होतील, बरे होतील, म्हणून उपास करीत राहिलें. दोन शब्द बोलायचे होते, ते राहूनच गेले." चाळीस वर्षांत हें त्या कधीं बोलल्या नव्हत्या. मुलीनें कांहीं उत्तर दिलें नाहीं. तिनें मुलाला हांक मारली.

नातू रडला नाहीं. त्यानें फोन टबाजवळ धरावयास सांगितलें, केशऱ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलें, आणि विचारलें, "आजोबा, त्याला दुखतंय का?" माशांना वेदना होत नाहींत, असें पूर्वीं सर्रास म्हणत. परंतु २००३ सालीं लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशाच्या तोंडाजवळ इजा ओळखणारे मज्जातंतु दाखवून दिले, तेव्हांपासून हें म्हणणें तितकें सोपें राहिलेलें नाहीं. "दुखत असावं," मी म्हणालों, "म्हणून तर आपण काळजी घेतों आहोंत." "मग फार दुखूं लागलं तर?" वैद्यांनीं त्याचाहि मार्ग सांगून ठेवला होता. आपल्या घरीं दाढेला लावतात तें लवंगेचें तेल ठराविक प्रमाणांत पाण्यांत मिसळलें तर माशाला गुंगी येते, आणि प्रमाण वाढविलें तर तो त्या गुंगींतून उठत नाहीं. हेंहि मीं त्याला सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला; मग म्हणाला, "तें तुम्ही आणि आत्यापणजी मिळून ठरवा. पण आधीं मला सांगा."

लवंगेच्या तेलाची कुपी आम्ही आणून ठेवली, पण ती उघडण्याची वेळ आली नाहीं. अकराव्या दिवशीं पहांटे आत्याबाईंनीं जुनेर बाजूला केलें तेव्हां केशऱ्या निश्चल झाला होता. आदल्या रात्रीं तो त्यांच्या बोटाच्या दिशेनें किंचित् वळला होता, असें त्या सांगतात. शास्त्रदृष्ट्या त्याचा अर्थ काय लावावा हा प्रश्न मीं त्यांना विचारला नाहीं. तगरीच्या झाडाखालीं त्याला पुरलें, आणि तेवढ्यासाठीं रविवारची वाट न पाहतां नातवाला त्याच दिवशीं कळविलें.

अकरा दिवस खपून एक मासा वांचला नाहीं, तर ह्या सर्वांतून मिळविलें काय, असें आमच्या एका शेजाऱ्यांनीं मला विचारलें. त्यांच्या हिशेबांत चूक नाहीं. शुश्रूषेचें फळ नेहमीं रोग्याच्या पदरांत पडतेंच असें नाहीं. पुष्कळदां तें शेजारीं बसणाऱ्याच्या पदरांत पडतें. मुक्या रोग्याजवळ बसलें म्हणजे पाहावयास शिकावें लागतें. आणि ज्याला पाहतां आलें, त्याला खरें सांगण्याचें धैर्यहि हळूंहळूं येत असावें. परवां माझ्या मुलीनें आत्याबाईंना निराळा फोन केला होता. दोघी तासभर बोलल्या. विषय माशांचा नव्हता, एवढेंच मला कळलें.