देशाचें कुटुंबचित्र

छायाचित्र काढणें ही आतां इतकी सोपी गोष्ट झाली आहे कीं, तिच्याविषयीं कांहीं विचार करावा असें सहसा कोणास वाटत नाहीं. तथापि कुटुंबाचें काय किंवा राष्ट्राचें काय, चित्र काढावयाचें म्हणजे कोणास खुर्चीवर बसवावयाचें, कोणास मागें उभें करावयाचें आणि कोणास चौकटीबाहेर ठेवावयाचें, याचा निर्णय करणें होय. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माझ्या वाचकभगिनींस हें निराळें सांगावयास नको!

या कलेशीं आमच्या नाशिक जिल्ह्याचें नातें जुनें आहे. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं गोध्र्यास छायाचित्रकाराचा व्यवसाय करीत असत. पुढें स्वातंत्र्य आलें, आणि देशास स्वतःचें मुख पाहण्याची उत्कंठा लागली. ती पुरविणाऱ्यांत होमाई व्यारावाला या पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकार होत्या. जन्म १९१३ सालीं नवसारीस, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत, आणि १९४२ पासून वास्तव्य दिल्लींत. १६ ऑगस्ट १९४७ रोजीं लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा त्यांनीं टिपला. पुरुषांच्या गर्दींत साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळीत उभी असलेली ही बाई मला त्या ध्वजाइतकीच स्वातंत्र्याची खूण वाटते.

परंतु राजधानी म्हणजे कांहीं सारा देश नव्हे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचीं भीषण चित्रें जगापुढें ठेवणारे सुनील जानाह यांनीं आदिवासींमध्यें हिंडून त्यांचें जीवन टिपलें. प्रजासत्ताकदिनाच्या चित्ररथावर नाचणारे आदिवासी आपण कौतुकानें पाहतों. पण पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत मजुरीस येणारीं त्यांचींच भावंडें आपल्या नजरेंत भरत नाहींत. नुसत्या पोषाखांची विविधता ही जीवनाची विविधता नव्हे. मुंबईचे सुधारक ओलवे यांनीं हेंच ओळखलें. महानगरपालिकेच्या सफाई कामगारांबरोबर राहून त्यांनीं त्यांचें मैल्यांतील काम आणि त्यांचा संसार हीं दोन्ही चित्रित केलीं. २०१६ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. तीं चित्रें पाहतांना दया वाटण्यापेक्षां आपल्या स्वच्छ अंगणाचा हिशेबच मनांत सुरू होतो.

गेल्या वर्षीं आमच्या पुतण्यानें घरांतील जुनीं छायाचित्रें संगणकावर उतरविण्याचें काम अंगावर घेतलें. त्यांत थोरल्या जाऊबाईंच्या लग्नांतील एक समूहचित्र निघालें. उजव्या कडेस, अर्धी चौकटींत नि अर्धी बाहेर, धुणें-भांडीं करणारी बाई उभी होती. चित्र नीटस दिसावें म्हणून पुतण्या ती कड कापूं लागला.

“राहूं दे रे,” मीं म्हटलें.

“पण काकू, ही कोण?”

नव्वदीच्या सासूबाई पलंगावर पडून ऐकत होत्या. त्यांनीं तत्काळ त्या बाईचें नांव, गांव आणि तिच्या लेकरांचीं नांवेंदेखील सांगितलीं. “तुझ्या बापाच्या वेळीं माझ्या उशाशीं रात्रभर हीच बसली होती,” त्या पुतण्यास म्हणाल्या. पुतण्यानें मुकाट्यानें कड तशीच ठेवली, आणि चित्राच्या पाठीमागें इतरांच्या ओळींतच तिचें नांव लिहिलें. त्याची एक प्रत आम्हीं तिच्या नातीकडे पोंचती केली. आजीचें दुसरें छायाचित्र त्या घरीं नव्हतें.

देशाच्या चित्रसंग्रहांतही अशा निनांवी माणसांची उणीव नाहीं. त्यांचीं नांवें ठाऊक असलेलीं वडील मंडळी मात्र दिवसेंदिवस कमी होत चाललीं आहेत. यंदाच्या दिवाळींत कपाट आवरतांना जुना आल्बम हातीं आला, तर घरांतील वृद्धांजवळ क्षणभर बसावें आणि कडेला उभ्या असलेल्या माणसांविषयीं आधीं विचारावें. मध्यभागीं बसलेल्यांचीं नांवें बहुधा सर्वांस पाठ असतात!