विरजण

गेल्या दिवाळीत माझा भाचा चार वर्षांनी जर्मनीहून घरी आला. म्युनिकजवळच्या फ्रायझिंग गावी वाइहेनश्टेफान नावाची टेकडी आहे. तिथे बिअर तयार करण्याचे शास्त्र विद्यापीठात शिकवतात, आणि आमचे चिरंजीव तेच शिकायला गेले होते. आईला मात्र मी सांगून ठेवले होते, "अन्नशास्त्र शिकतोय." खोटे बोलू नये असे वर्गात रोज सांगणाऱ्या मास्तराने हे खोटे रचले, त्याला कारण होते. आमचे वडील हातभट्टीच्या दारूपायी गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आईच्या माहेरचा तांब्याचा हंडा मोडीत घातला. मोरीतली त्या हंड्याची जागा अजून रिकामी आहे.

नरकचतुर्दशीचा फराळ झाला. आई मोड आलेली नाचणी फडक्यावर पसरीत बसली होती. भाचा तिच्याजवळ सरकला आणि मोबाइलवरची छायाचित्रे दाखवू लागला. एका चित्रावर आईचे बोट थांबले.

"केवढाले रे हे तांब्याचे हंडे! काय शिजवता यांत?"

चकलीचा तुकडा माझ्या घशातच राहिला.

"बिअर, आजी," तो शांतपणे म्हणाला.

आईने हात आखडता घेतला. अक्काने माझ्याकडे पाहिले, मी भिंतीकडे. भाचा मात्र उठला नाही. समोरची नाचणी चिमटीत घेऊन म्हणाला, "आम्हीही हेच करतो. तू नाचणी घेतेस, आम्ही जव. भिजवायचे, मोड आणायचे, मग उष्णतेने वाळवायचे. मोड आले की धान्य आतून गोडीला लागते."

"मग सत्त्वच की ते," आई पुटपुटली.

"वाळवणं हलकं ठेवलं की बिअर सोनेरी होते. धान्य करपेपर्यंत भाजलं की काळी. लंडनला अठराव्या शतकात अशी गडद बिअर हमाल लोक पीत, म्हणून तिचं नावच पोर्टर पडलं. आणि फिकट सोनेरी बिअर १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सेन गावी योझेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसानं केली. तिथलं पाणी फार मऊ."

"पाण्यावर डाळ शिजते किंवा शिजत नाही, ते मला ठाऊक आहे," आई म्हणाली. तिचे हात पुन्हा नाचणीवर फिरू लागले होते.

मग त्याने हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले सांगितली. इंग्लंडहून हिंदुस्थानातल्या साहेबांसाठी जहाजाने येणाऱ्या बिअरमध्ये ती जास्त घालीत. "लांबच्या प्रवासाच्या लोणच्यात मीठ जास्त घालावं, तसं," आईनेच पुरे केले. मी थक्क होऊन ऐकत होतो. माझी धाव मॅट्रिकपर्यंतची; पण दोन कादंबऱ्यांत मी दारुडे रंगवले आहेत. त्यांच्या पेल्यात काय आहे आणि ते कुठून आले, हे मी एकदाही कुणाला विचारले नव्हते.

"पण फसफसतं कशानं?" आईने विचारले.

"तीच तर गंमत! बव्हेरियात १५१६ साली कायदा झाला, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. पण जिच्यामुळे ती आंबते त्या यीस्टचं नाव त्या कायद्यात नाही! आधीच्या पिंपातला फेस नव्या पिंपात घालीत, एवढंच त्यांना माहीत. ब्रुसेल्सच्या बाजूला तर अजून काही जण हिवाळ्यात उथळ भांड्यात रस रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतून जे येईल त्यावर सोडतात. मग लाकडी पिंपांत तो दोन-तीन वर्षंही मुरतो. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन यांनी यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी वाढवली, आणि ती इतरांनाही मोकळेपणी दिली."

"विरजण कुणी मागितलं तर नाही म्हणू नये," आई म्हणाली.

आम्ही सगळेच हसलो. मला वाटले, सुटलो! पण आईच्या चेहऱ्यावरचे हसू लवकर मावळले.

"तू पितोस?"

"चाखतो, आजी. कामच आहे ते."

"तुझे आजोबाही आधी चाखतच होते."

कुणी काही बोलेना. भाच्याची मान खाली गेली. आईने नाचणी सारखी केली, फडक्याचे टोक ओढले आणि म्हणाली, "धान्याचा दोष नाही, बाळ. विरजणाचाही नाही. पण माझ्या घरात ते आणू नकोस. आणि तू काय करतोस ते लपवूही नकोस. लपवूनच ते माजतं. तुझे आजोबा गोठ्यात लपून पीत." मग माझ्याकडे वळून, "आणि तू मास्तर ना रे?"

मी काय उत्तर देणार? शाळेत व्यसनमुक्तीची शपथ दरवर्षी मीच मुलांना देतो. पण आमच्या घरात दारू गेल्यावरही तिची लपवाछपवी राहिली होती, आणि ती जपणारा मीच होतो.

भाऊबीजेनंतर भाचा परत निघाला. आईने त्याच्या पिशवीत नाचणीच्या सत्त्वाचा डबा घातला. शेजारच्या काकूंनी ओसरीवरून विचारले, "काय शिकतो हो तुमचा भाचा तिकडे?"

मी आईकडे पाहिले आणि म्हणालो, "बिअर करायला शिकतोय."

काकूंचा आ वासला. आईने पदर खोचला आणि डब्याचे झाकण पुन्हा एकदा घट्ट दाबून पाहिले.