माग काढणारी माणसं

मला रहस्यकथा आवडतात. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. लपवाछपवी पुस्तकातल्या खुन्यानं करावी, वाचणाऱ्यानं नव्हे.

चळवळीतल्या काही दोस्तांना हे रुचत नाही. अभ्यासवर्गाला जाताना पिशवीत झुंजार सापडला की म्हणतात, "अरे, काय वाचतोस हे? तिकडं समाज पेटलाय अन् तू खून कुणी केला ते शोधत बसलास!" पांढरपेशे समीक्षक तरी काय वेगळं म्हणतात? सवंग, वेळ घालवायचं, साहित्यात न बसणारं. त्यांनी ही पुस्तकं गावकुसाबाहेरच ठेवली. आता मला सांगा, गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्तूला आपणही शिवायचं नाही, हा धडा आपल्याला कुणी दिला?

नववीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं शिक्षण कात्रजच्या रद्दीच्या दुकानात झालं. तिथं पुस्तकाला नाव नसतं, वजन असतं. गाइडं, जुनी मासिकं, उरलेल्या लग्नपत्रिका, आणि त्यांच्या मधे दबलेल्या बारक्या रहस्यकथा. वर पिस्तूल, बाई आणि सावली. मी निवडून घ्यायचो म्हणून रद्दीवाले चाचा वजनावर दोन रुपये जास्त लावायचे.

तिथंच बाबुराव अर्नाळकर भेटले. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. 1906 चा जन्म, 1996 ला गेले. मुंबईत चष्म्याचं दुकान चालवत आणि हजाराच्या वर रहस्यकथा लिहून गेले. त्यांचा धनंजय आणि जोडीला छोटू, त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड. मग गोव्याकडचे गुरुनाथ नाईक आले. त्यांनीही हजारावर पुस्तकं लिहिली, 2021 साली वारले. मग आपल्या पुण्याचेच सुहास शिरवळकर, 1948 ते 2003. त्यांच्या ‘दुनियादारी’वर 2013 ला सिनेमा आला. वस्तीतली पोरं मला सिनेमा सांगायची, मी त्यांना बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी आणि दारा बुलंद सांगायचो. नारायण धारपही पुण्याचेच, भयकथावाले. आमच्या घरात धम्म आल्यापासून भूत वर्ज्य आहे. पण धारप वाचलेला असला की रात्रपाळीहून येताना मागं वळून बघायची आपली हिंमत होत नाही. खोटं कशाला बोला!

रद्दीतल्या पुस्तकाची एक खोड असते. शेवटची पानं नसतात. खुनी पळून गेलेला नसतो, कुणाच्या तरी भज्यांच्या पुडीला लागलेला असतो. दोन दिवस जीव नुसता तळमळायचा. मग मी वहीत शेवट लिहायला लागलो. कोण कुठं होता, किती वाजले होते, कुणाला काय माहीत होतं, कोण नको तेवढं बोलला. पानं उलटी चाळायची, टिपणं काढायची. पुढं कधी अप्पा बळवंत चौकाकडच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तेच पुस्तक अख्खं सापडलं की ताडून बघायचं. सात पुस्तकांत चार वेळा माझाच खुनी निघाला. माझ्या कवितेच्या आधीचं माझं लिखाण हे.

आता मी बोगद्याच्या पलीकडं एका डाळ मिलमध्ये कामाला आहे. तूर साफ होते, खडे निघतात, रोलरवर साल ओरखडतं, तेल लागतं, ढीग मुरतो, वाळतो, मग दाणा फुटतो. डाळ वेगळी, चुनी वेगळी, टरफल वेगळं. पाळी संपली की नाकाकानात पिवळी धूळ. थकलेल्या माणसाला गुंगी पाहिजे म्हणून हा रहस्यकथा वाचतो, असं मात्र समजू नका. गुंगीला मोबाईल आहे. रहस्यकथा झोपू देत नाही. ती दर पानाला विचारते: कशावरून?

हा शब्द मला शाळेनं शिकवला नाही. शाळेत ‘गप बस’ हेच दोन शब्द होते. तथागतानं कालामांना सांगितलं की परंपरा आहे, ग्रंथात आहे, कुणी मोठा माणूस सांगतो, एवढ्यावरून काही खरं मानू नका. ते मी पुढं विहारात ऐकलं, आणि मला वाटलं, च्यायला, हे तर धनंजयकडनं आधीच शिकलोय.

पण आपलं प्रेम आंधळं नाही. मी वाचलेल्या पुस्तकांत खून बंगल्यात होतो, वारसा बंगल्याचा असतो. आपला माणूस आलाच तर नोकर, रखवालदार, नाहीतर पहिला संशयित. शेरलॉक होम्सचंच घ्या. कॉनन डॉयलची ‘द साइन ऑफ फोर’ ही कादंबरी 1890 ची. त्यात विषारी काटा फुंकून खून करणारा टोंगा हा अंदमानचा आदिवासी आहे. जो होम्स चिखलावरून, राखेवरून माणूस ओळखतो, तो टोंगाच्या जमातीबद्दल बोलायची वेळ आली की कपाटातून छापील गॅझेटियर काढतो आणि त्यातलं वर्णन वाचून दाखवतो. ही माणसं क्रूर, ही माणसं कुरूप. झालं! इथं त्याला ‘कशावरून’ आठवत नाही.

तसल्याच नजरेनं इंग्रज सरकारनं 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पोर जन्मलं की गुन्हेगार. हजेरी द्या, परवाना घ्या. सोलापुरात तर माणसं तारेच्या कुंपणात ठेवली आणि तिथून गिरण्यांत कामाला नेली. कायदा 1952 ला रद्द झाला. नजर रद्द झाली नाही.

पण याच डॉयलची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. जॉर्ज एडलजी नावाचा वकील होता. बाप मुंबईकडचा पारशी, ख्रिस्ती होऊन इंग्लंडमधल्या एका खेड्यात धर्मगुरू झालेला. 1903 साली या पोरावर रात्री जनावरं कापल्याचा आळ आला आणि सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी सुटून आल्यावर त्यानं डॉयलची मदत मागितली. डॉयलनं पहिल्याच भेटीत एक गोष्ट बघितली: हा माणूस पेपर डोळ्याला चिकटवून वाचतो. एवढ्या अधू नजरेचा माणूस अंधाऱ्या रानातून जाऊन जनावर कसं कापील? 1907 साली डॉयलनं वर्तमानपत्रात सगळा पुरावा मांडला. एडलजीला त्या आरोपातून माफी मिळाली, भरपाई मात्र दमडी नाही. म्हंजे बघा, गॅझेटियर वाचणारा लेखक तोच, पण समोरच्या माणसाकडं डोळे उघडून बघितलं तेव्हा वेगळं दिसलं. म्हणून मी ही पुस्तकं फेकत नाही. त्यांतली नजर फेकतो, पद्धत ठेवतो.

पद्धत कामाला येते. दोन वर्षांमागं एका पाळीला आमच्या मिलमधली मोटार नाहीशी झाली. पाच हॉर्सपॉवरची. सुपरवायझरनं चार पोरं बाजूला काढली. चौघांची आडनावं आणि पत्ते बघितले की पुढचं सांगायला नको. डबे उघडायला लावले, पिशव्या उलट्या केल्या. चाळीस किलोची मोटार भाकरीच्या डब्यात कशी मावते, हे कुणी विचारलं नाही. माझ्या पिशवीतनं पुस्तक पडलं. "चोराच्या गोष्टी वाचतोय," कुणीतरी हसलं.

मी म्हटलं, "साहेब, मोटार शेवटी कुणी बघितली? किती वाजता? स्टोअरची चावी कुणाकडं होती? गेटचं रजिस्टर काढा." आवाज थरथरत होता, पण प्रश्न बरोबर होते. रजिस्टर काढावं लागलं. दुपारी एक टेम्पो बाहेर गेल्याची नोंद होती, चलन नव्हतं. मोटार जळाली होती, रिवाइंडिंगला गेली होती. पाठवणारा कुणाला न सांगता रजेवर गेलेला.

रहस्यकथेत शेवटी सगळे एका खोलीत जमतात, निर्दोष माणूस मोकळा होतो, इन्स्पेक्टर मान खाली घालतो. आमच्यात रोलर सुरू झाले आणि पाळी पुढं चालली. माफी कुणी मागितली नाही. एवढंच झालं की गेटच्या रजिस्टरात चलन नंबरचा रकाना पडला. आणि त्या चौघांतल्या एकानं माझ्याकडं पुस्तक मागितलं.

हे घरी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "त्यात काय नवल? माग काढनं आपल्या रक्तातच हाय." रक्तात काही नसतं हे मी तिला समजावत बसलो नाही, कारण पुढं ती जे बोलली ते ऐकण्यासारखं होतं. तिचा सासरा गावचा येसकर. चोरी झाली की पाटील त्याला उठवायचा. पहाटे, जनावरं रानात जायच्या आत धुळीतलं पाऊल बघायचं. टाच किती रुतलीय, डोक्यावर ओझं होतं का, पाय ओढतोय का. माग पुढच्या गावाच्या शिवेत गेला की तिथल्या येसकराच्या हवाली करायचा. शिवेचा वाद निघाला तरी महाराची साक्ष लागायची, कारण शीव त्याच्या पायाखालची. "आन् एवढं करून," आजी म्हणाली, "झडती पैली आपल्याच घराची!"

दोस्तांनो, इथं मी थांबलो. गावचा डिटेक्टिव्ह आपला पणजा होता, बिनपगारी, बिनओव्हरकोटाचा! ते महारकीचं जू होतं, त्याचं गुणगान मी करणार नाही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल मांडलं, आणि ही गावकामाची वतनं पुढं 1958 च्या कायद्यानं गेली. जू गेलं ते बरंच झालं. पण तो डोळा आपला होता. तो का टाकायचा?

बाबासाहेबांनी टाकला नाही. 1948 सालचं त्यांचं ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ हे पुस्तक ज्यानं वाचलं नसेल त्यानं रहस्यकथा म्हणून वाचायला घ्यावं. गुन्हा समोर आहे, गुन्हेगार सापडत नाही, साक्षीदार मरून हजार-दीड हजार वर्षं झालीत. बाबासाहेब आधी खोटे संशयित बाद करतात. अस्पृश्यता वंशामुळं आली म्हणता? मग नाकाची मापं काय सांगतात बघा. धंद्यामुळं म्हणता? मग घाणेरडे धंदे इतरांनीही केले, ते का अस्पृश्य झाले नाहीत? मग ते शिरगणतीचे कागद, स्मृती, चिनी प्रवाशांच्या जबान्या तपासतात. गावाबाहेर राहणं, गोमांस, बौद्ध धम्म असे धागे जुळवत माग इसवी सन 400 च्या आसपास नेऊन ठेवतात. तुटलेली कडी कल्पनेनं जोडावी लागते, पण ती तर्काला धरून जोडावी, हेही प्रस्तावनेत सांगतात. विद्वान त्या निष्कर्षावर वाद घालतात, खुशाल घालोत. माग कसा काढावा ते त्या पुस्तकात आहे.

कात्रजला राहतो म्हणून एक रहस्य माझ्या रोज पायाखाली असतं. इथला तलाव नानासाहेब पेशव्याच्या काळातला, 1750 च्या सुमाराचा. तिथून जमिनीखालून दगडी नळ शहरातल्या हौदांपर्यंत गेला, माणूस आत उतरून चालेल एवढा. रहस्यकथा लिहिणाऱ्याला त्या अंधारात प्रेत दिसेल. मला घागर दिसते. दगड कुणी वाहिले? हौदावर कुणाची घागर चालत होती, कुणाची नव्हती? एक पुरावा पुण्यातच आहे. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. सगळे हौद सगळ्यांचे असते, तर एक हौद मुद्दाम खुला करायची वेळ कशाला आली असती?

रहस्यकथेत तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: संधी, साधन, हेतू. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. भंडाऱ्याच्या कोर्टात 2008 ला शिक्षा झाल्या, नागपूरला 2010 ला फाशीची जन्मठेप झाली. पण दोन्ही कोर्टांत अॅट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. मारणारे सापडले. जात हा हेतू मात्र कागदावर आला नाही. जो समाज दिवसरात्र जात बघतो, त्याला नेमकी हेतूच्या रकान्यात जात दिसत नाही. हे आपल्या काळातलं सगळ्यात मोठं रहस्य आहे, आणि ते सोडवायला कुठला होम्स येणार नाही.

अण्णा भाऊंनी 1959 साली ‘फकिरा’ लिहिला. सरकारनं ज्याला दरोडेखोर म्हटलं त्याला त्यांनी नायक केला. लक्ष्मण गायकवाडांनी 1987 ला ‘उचल्या’ लिहून संशयिताच्या पिंजऱ्यातून स्वतःच जबानी दिली. आता पुढची पायरी आपली. आपला डिटेक्टिव्ह अजून मराठीत लिहायचा बाकी आहे. त्याच्या पायात स्लीपर असेल, खिशात माहिती अधिकाराचा अर्ज. पंचनाम्यावर पंच कोण आणि ते कुणाचे पाव्हणे, हे तो पहिल्यांदा बघेल. मी लिहायला घेतलाय. तुम्हीही घ्या.

तोवर एक करू. पुढच्या अभ्यासवर्गाला भाषण नको. आपल्या भागातल्या एखाद्या केसची फिर्याद आणि पंचनामा आणू, सगळ्यांनी मिळून ओळीओळीनं वाचू, आणि जिथं अडेल तिथं समासात लाल पेनानं लिहू: कशावरून?

जय भीम.