अंगठ्याएवढे मुखचित्र

गेल्या ज्येष्ठ महिन्यात आमच्या मिरजगावच्या घरी एक वाद उपस्थित झाला आणि तो चांगला तीन दिवस चालला. वाद शेताच्या बांधाचा नव्हता, की कोणाच्या लग्नाचा नव्हता. अंगठ्याएवढ्या एका चौकटीत काय लिहावे आणि काय लिहू नये, एवढाच प्रश्न होता. मुलांस अक्षरे गिरवावयास लावण्यात ज्याचा जन्म गेला अशा शिक्षकास हा प्रश्न सोपा वाटावा. परंतु ह्या परीक्षेत आम्ही प्रथम नापास झालो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

हकीकत अशी. आमची काकू 1940 च्या सुमारास ह्या घरात सून म्हणून आली. तिला स्वतःचे मूल नव्हते. आम्हां चार भावंडांस तिनेच लहानाचे मोठे केले. तिचा गळा फार गोड होता, पण तिचे गाणे माजघराच्या उंबऱ्याबाहेर कधी गेले नाही. भूपाळ्या, पाळणे, डोहाळे, मंगळागौरीची आणि भोंडल्याची गाणी तिला मुखोद्गत असत. 1987 च्या श्रावणात आम्ही टेपरेकॉर्डर आणून साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर, दोन्ही बाजूंस, तिची गाणी उतरवून घेतली. कॅसेटच्या कागदावर मात्र 'घरगुती – काकू' एवढेच लिहिले. घरात सर्वांस ठाऊक असलेल्या वस्तूवर आणखी काय लिहावयाचे, असे तेव्हा वाटले.

पुढे नऊ वर्षांनी काकू गेली. त्यानंतर एके दिवशी घाईत, 'घरगुती' म्हणजे बिनमहत्त्वाचे अशा समजुतीने, त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर एक प्रवचन उतरविले गेले. उतरविणारे दुसरे कोणी नव्हे, आम्हीच. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचे दोन लहान तुकडे असतात. ते मोडून टाकले म्हणजे तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. ते मोडावयाचे आम्हांस सुचले नव्हते, आणि कागदावरच्या त्या दोन शब्दांनी आम्हांस अडविले नाही. काकूची अर्धी गाणी गेली ती अशी.

उरलेल्या अर्ध्या तासात नऊ गाणी आहेत. आमच्या पुतण्याची मुलगी पुण्यास चित्रकला शिकते. तिने ती गाणी संगणकात उतरवून घेतली आणि 'माजघरातली गाणी' ह्या नावाने इंटरनेटवर अल्बम म्हणून प्रसिद्ध करावयाचे ठरविले. आम्ही 'माजघरातील' असे शुद्ध रूप सुचविले. ती म्हणाली, "आबा, काकूआजी बोलताना 'माजघरातील' म्हणाली असती का?" तो मुद्दा आम्ही तेथेच सोडून दिला.

मुखचित्राचा प्रश्न आला तेव्हा मात्र आम्ही यादीच काढली. वर 'श्री', खाली गणपती, मध्ये लंबवर्तुळात काकूचे छायाचित्र, एका बाजूस वीणा, दुसऱ्या बाजूस तुळशीवृंदावन. खाली संकलन कोणाचे, सौजन्य कोणाचे, आशीर्वाद कोणाचे, आणि शेवटी दादांचा फोन नंबर. मुलीने वाद घातला नाही. सांगितले तसे सर्व मांडले आणि मोबाइल आमच्या हाती देऊन म्हणाली, "वाचा." चष्मा पुसून पाहिले, तो मुंग्यांच्या रांगेपलीकडे काही दिसेना. मग तिने समजावून सांगितले की, कंपनीकडे पाठवावयाचे चित्र तीन हजार पिक्सेल लांब-रुंद असते खरे, पण ऐकणारा मनुष्य ते गाण्यांच्या यादीत अंगठ्याएवढेच पाहतो. शिवाय फोन नंबर, पत्ता, किंमत ह्या गोष्टी मुखचित्रावर चालतच नाहीत.

हे मुखचित्र मुळात आले कोठून, हे पाहू लागलो तेव्हा थोडी मौज कळली. 'अल्बम' हा शब्द लॅटिन असून त्याच्या मुळाशी पांढरेपणा आहे. जाहीर सूचना लिहिण्याकरिता रोमन लोक जी पांढरी केलेली फळी वापरीत, तिचे हे नाव. पुढे ते कोऱ्या पानांच्या वहीस मिळाले. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच गाणे मावे. म्हणून मोठ्या रचनेच्या अनेक तबकड्या कागदी पाकिटांत घालून त्यांची वहीसारखी बांधणी करीत. त्या बांधणीसही अल्बम म्हणू लागले. सुट्या तबकडीस साध्या कागदाचे वेष्टन असे व त्यास मध्यभागी वाटोळे भोक असे. आमच्या वडिलांच्या संग्रहातील त्या भोकातून कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा डोकावे. आम्हां मुलांस गाणाऱ्या मंडळींहून तो कुत्राच अधिक ओळखीचा होता!

अमेरिकेत कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाचा एक तरुण चित्रकार होता. 1940 मध्ये त्याने ह्या नीरस वेष्टनावर गाण्यास शोभेल असे चित्र घालण्याचा प्रघात पाडला. 1948 मध्ये त्याच कंपनीने दीर्घकाळ वाजणारी तबकडी काढली आणि चित्रकारास फूटभर रुंदीचा चौरस मिळाला. मग कॅसेट आली; तिची दर्शनी बाजू दहा सेंटिमीटर लांब आणि साडेसहा रुंद. पुढे सीडीचा बारा सेंटिमीटरांचा चौरस आला, आणि आता हा अंगठा. जागा कमी होत गेली, पण सांगावयाचे तेच राहिले: कोण गाते, आणि कोणत्या भावाने गाते.

अक्षरांकडे वळलो तेव्हा आमचा शिक्षकी अहंकार पुन्हा जागा झाला. आम्ही संस्कृत वाचावयास शिकलो ते निर्णयसागरच्या पुस्तकांवर. जावजी दादाजींनी 1869 मध्ये मुंबईस काढलेल्या त्या छापखान्याच्या अक्षरांची डौलदार वळणे अद्याप आमच्या डोळ्यांत आहेत. तसेच अक्षर हवे, असा हट्ट धरला. मुलीने तशा वळणाचे अक्षर बसवून दाखविले. पुस्तकाच्या पानावर जी बारीक रेघ शोभा देते, ती ह्या चौकटीत दिसेनाशीच झाली. मग आम्ही अगदी जाड अक्षर मागितले. त्यात 'घ' चे पोट व डोके भरून जाऊन 'माजधर' असे वाचले जाऊ लागले. मुलांच्या वह्यांत 'घ' आणि 'ध' यांतील भेदासाठी ज्याने लाल शाई संपविली, त्याच्यावर हा प्रसंग यावा!

रोमन अक्षरांच्या चाली नागरीस जशाच्या तशा लागू पडत नाहीत, हेही ह्या निमित्ताने नीट ध्यानात आले. नागरीस तीन मजले आहेत. शिरोरेषेवर मात्रा, रफार, अनुस्वार. मध्ये अक्षराचे शरीर. खाली उकार आणि ऋकार. म्हणून दोन ओळींत अंतर अधिक ठेवावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. ऐसपैस दिसावे म्हणून इंग्रजी अक्षरे सुटी सुटी मांडतात, तसे येथे केल्यास शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शिवाय 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी. पहिल्या नमुन्यात 'माजघरातली' मधील 'ल' हिंदी वळणाचा पडला होता; दोन पाकळ्यांचा आपला 'ल' नव्हता. संगणकास मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले म्हणजे पुष्कळ टंकांत तो आपोआप बदलतो, असे मुलीने दाखविले. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांतला फरकही टंकाने पाळला पाहिजे. तो न पाळला तर गुरूला स्वयंपाकघरात जावे लागेल.

अखेरीस तयार टंक बाजूला ठेवून नाव हातानेच लिहावे असे ठरले. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे (1935–2020) यांनी हाताने काढलेली नावे ज्यांनी पाहिली असतील, त्यांस ह्याचे मर्म सांगावयास नको. अक्षराच्या वळणावरूनच नाटकाचा स्वभाव कळे. आम्ही बोरू तासून त्यास तिरपी कत मारून दिली आणि मुलीने दोन दिवस कागदावर कागद खर्च केले. ह्या सर्व कार्यात आमचा उपयोग झाला तो एवढाच.

चित्राविषयी विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्राचा प्रसंग आम्हांस आठवला. मूर्ती कशी घडवावी, असे वज्र राजा मार्कंडेयास विचारतो. मुनी सांगतात की, त्यास आधी चित्र कळले पाहिजे. चित्रास नृत्य, नृत्यास वाद्य आणि वाद्यास गीत. म्हणजे सर्वांच्या मुळाशी गाणे! आमच्या यादीतील वीणा काकूने जन्मात हाती धरली नव्हती. मुलीने नऊही गाणी पुन्हा पुन्हा ऐकली आणि मग भिंतीतील एक कोनाडा व त्यात एक दिवा, एवढेच काढले. पहाटे काकू गात असे तेव्हा माजघरात उजेड तेवढाच असे.

रंग काकूच्या इरकली लुगड्याचे घेतले: हिरवे अंग आणि तांबडे काठ. हिरव्यावर तांबडी अक्षरे आम्हांस फार शोभिवंत वाटली. मुलीने मोबाइलवर चित्रातील रंग काढून ते काळे-पांढरे करून दाखविले, तो अक्षरे नाहीशीच झाली. कारण दोन्ही रंग सारखेच गडद. रंग निराळे असले म्हणजे उठाव येतोच असे नाही. एक गडद आणि एक फिका पाहिजे. म्हणून अक्षरे रांगोळीसारखी पांढरी केली आणि तांबडा रंग दिव्याच्या ज्योतीपुरता ठेवला.

आता राहिले नाव, आणि खरा वाद येथेच होता. गायिकेचे नाव कंपनीच्या अर्जात भरावे लागते, आणि मुखचित्रावरचे नाव त्याच्याशी जुळावे लागते. आम्ही सर्व जन्मभर तिला 'काकू' म्हणत आलो. दादा म्हणाले, शिधापत्रिकेवरील नाव घाला. कुळाच्या रीतीने तेच योग्य. ते नाव म्हणजे लग्नात ताटभर तांदळांवर अंगठीने लिहिलेले. त्यापूर्वीचे, माहेरचे नाव काय होते? घरात कोणासही सांगता येईना. जिने आम्हांस वाढविले, तिचे नाव आम्ही कधी विचारलेच नव्हते.

मुलीने तेव्हा गौहर जान हिची गोष्ट सांगितली. 1902 मध्ये कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीने हिंदुस्थानातील पहिले ध्वनिमुद्रण केले, त्यात ही गायिका होती. गाणे संपले की ती इंग्रजीत आपले नाव उच्चारी; तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे निघत, तेथील कारागिरांची चूक होऊ नये म्हणून, असे सांगतात. तबकडीवर चित्र नव्हते तेव्हा गायिकेचा स्वतःचा आवाज हेच तिचे मुखचित्र होते.

"आबा," मुलगी म्हणाली, "आपली कॅसेट शेवटपर्यंत कोणी ऐकली आहे का?"

नववे गाणे संपले की आम्ही नेहमी यंत्र बंद करीत असू. त्या रात्री ते चालू ठेवले. थोडा वेळ नुसती खरखर. मग आमचाच तरुणपणीचा आवाज आला: "काकू, आता नाव सांग." किंचित हसणे, आणि मग एक नाव. शिधापत्रिकेवरचे नव्हे, दुसरेच. आडनाव नाही, काही नाही. आम्ही विचारले होते, तिने सांगितले होते, आणि आम्ही ऐकूनही विसरलो होतो.

दादा म्हणाले, "तरी पण कागदोपत्री जे आहे तेच..." वहिनी सहसा अशा बोलण्यात पडत नाहीत. त्या म्हणाल्या, "काकूंनी स्वतःच्या तोंडानं जे सांगितलं, ते बदलणारे आपण कोण? माझंही नाव तांदळातच लिहिलं होतं. मला तर अजून कोणी विचारलं नाही." दादा उठून ओसरीवर गेले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते मुलीस म्हणाले, "काकूनं सांगितलं तेच नाव घाल. सासरचं नाव आतल्या माहितीत येऊ दे." नंतर वहिनींकडे वळून त्यांनी काही विचारले, ते आम्हांस ऐकू आले नाही, व ऐकण्याचे कारणही नव्हते.

आता त्या चौकटीत तीनच गोष्टी आहेत: कोनाड्यातला दिवा, गाण्यांचे नाव, आणि काकूचे नाव. आमची बाकीची यादी सोबतच्या माहितीत गेली आणि कोणाचे काही अडले नाही. दादांनी मोबाइल हातभर लांब धरून, चष्म्याशिवाय, ते नाव वाचून दाखविले. आम्ही त्यांस पुरे गुण दिले.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशा कॅसेटा माळ्यावर पडल्या असतील. त्या काढाव्या, शेवटपर्यंत ऐकाव्या, गाणाऱ्याचे पुरे नाव, गाव व साल कागदावर लिहावे आणि पाठीवरचे ते दोन तुकडे आजच मोडून टाकावे. आम्ही आमच्या पेटीतील सर्व कॅसेटांचे हे काम गेल्या आठवड्यात उरकले. काकूच्या कॅसेटवरील जुना कागद तसाच ठेवून त्याखाली तिचे नाव लिहिले, आणि दुसऱ्या बाजूस लिहिले: 'प्रवचन. ह्याखाली काकूची गाणी होती. ती आमच्या हयगयीने गेली.'