आपल्याच सरकारपुढे

धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. ती ‘गीता प्रवचने’ घरोघरी गेली. मला मात्र ती जागा महत्त्वाची वाटते. कैदेत टाकणाऱ्या सत्तेला माणसाचा देह मिळतो, होकार मिळत नाही, हे तिथे जितके उघड दिसले असेल तितके ग्रंथालयात बसून दिसणार नाही. पुढे ‘स्वराज्यशास्त्र’ लिहिणारे विनोबा शासनमुक्त समाजाकडे वळले. लोकांनी आपला कारभार आपण पाहावा, सरकारची गरजच कमी होत जावी, ही त्यांची ओढ.

धुळ्याच्या त्या प्रवचनांनंतर चारच वर्षांनी, डिसेंबर 1936 मध्ये, फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष नेहरूंची दिशा वेगळी होती. लोकांनी निवडलेली घटना समिती हवी, सत्ता लोकांच्या हाती यावी आणि त्या सत्तेने शेतकऱ्याच्या डोक्यावरचा शेतसारा नि कर्ज हलके करावे.

मन नेहरूंकडे झुकते. गिरणा नदीचे पाणी पाटाने शेतात आणायला सरकारच लागते. वादळात केळीची बाग आडवी झाली की पंचनाम्याला तलाठीच यावा लागतो. राज्यसंस्थेवाचून धनवानाचे निभते, कोरडवाहूवाल्याचे निभत नाही. पण ज्याच्या हाती पंचनामा, त्याच्यापुढे हात जोडायची सवयही लागते. हक्क मागायला गेलेला माणूस उपकार घेऊन परततो. इथे विनोबांची आठवण ठेवावीच लागते.

या पेचातून वाट काढली ती साने गुरुजींनी, असे मी मानतो. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात ते शिकायला आले होते. धुळ्यात विनोबांना ऐकले, फैजपूरसाठी गावोगाव राबले. 1938 मध्ये पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके गेली. मुंबई इलाख्यात तेव्हा बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते, म्हणजे गुरुजींच्याच पक्षाचे. तरी साऱ्याच्या माफीसाठी त्यांनी शेतकऱ्यांना उभे केले. आपली माणसे अडचणीत येतील म्हणून ते गप्प राहिले नाहीत. परक्यांच्या तुरुंगात जाण्याइतकेच हेही धैर्याचे काम होते.

आज संविधानाचे 32वे कलम मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडते. पण शिरपूर-रावेरच्या शेतकऱ्याला दिल्ली लांब आणि तहसील कचेरी जवळ. म्हणून माझी विनंती एवढीच: पुढच्या नुकसानीच्या वेळी कुणाच्या ओळखीने एकेकटे जाऊ नका. सगळे गाव मिळून कचेरीत जा, आणि पंचनाम्याची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा.